रामानुजन यांचा आजार : एका निदानाची शंभर वर्षे

कुंभकोणम : थोर गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांचे 26 एप्रिल 1920 रोजी मद्रासमधील चेतपेट येथे निधन झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे 32 वर्षे होते. क्षयरोगाने त्यांचा बळी घेतला, असे त्यानंतरची अनेक दशके मानले गेले. पाठ्यपुस्तकांत तसेच छापले गेले आणि भाषणांतूनही तसेच सांगितले गेले. मात्र 1994 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने या समजुतीला धक्का दिला. रामानुजन यांना क्षय नव्हे, तर यकृताचा अमीबाजन्य विकार झाला असावा, असा त्याचा निष्कर्ष होता. या विकारावर त्या काळातही औषध उपलब्ध होते. निष्कर्ष योग्य असेल, तर विसाव्या शतकातील एक असामान्य बुद्धिमत्ता ज्या आजाराने हिरावली गेली, तो आजार असाध्य नव्हता.

रामानुजन यांच्या गणिताविषयी विपुल लेखन झाले आहे. त्यांच्या आयुष्याला आजारपणाचीही एक बाजू आहे. अपुऱ्या माहितीवर केलेले निदान रुग्णाला कोठे नेऊन ठेवते आणि वैद्यकशास्त्राने अशा चुका टाळण्यासाठी पुढे कोणती शिस्त स्वीकारली, हे त्या बाजूने पाहिल्यास स्पष्ट होते.

कावेरीकाठचे बालपण

रामानुजन यांचा जन्म 22 डिसेंबर 1887 रोजी इरोड येथे आजोळी झाला. त्यांचे बालपण मात्र कावेरीकाठच्या कुंभकोणम या मंदिरनगरीत गेले. एकोजीराजे भोसले यांनी स्थापन केलेल्या तंजावरच्या मराठा राज्याचा हा मुलूख. रामानुजन यांच्या जन्मापूर्वी सुमारे तीन दशके ते राज्य ब्रिटिशांनी खालसा केले होते. वडील के. श्रीनिवास अय्यंगार कापडाच्या दुकानात कारकून होते. आई कोमलताम्मल मंदिरात भजने गात असे. सारंगपाणी मंदिरासमोरील रस्त्यावरच्या छोट्या घरात हे कुटुंब राहत होते.

आजार आणि मृत्यू या घराला नवे नव्हते. रामानुजन दोन वर्षांचे असताना, 1889 च्या डिसेंबरमध्ये, त्यांना देवी आल्या. ते वाचले, पण चेहऱ्यावरचे व्रण कायम राहिले. त्यांच्या पाठीवर जन्मलेली तीन भावंडे वर्षाच्या आतच दगावली. त्या काळातील दक्षिण भारतात हे अपवादात्मक नव्हते. दूषित पाणी, पोटाचे विकार आणि साथीचे रोग यांतून वाचून मोठे होणे हीच एक परीक्षा होती.

टाउन हायस्कूलमधील या हुशार विद्यार्थ्याच्या हाती 1903 मध्ये जी. एस. कार यांचा गणिती सूत्रांचा संग्रह पडला आणि त्याचे आयुष्य बदलले. हजारो सूत्रे, पण सिद्धता नाममात्र, असे ते पुस्तक होते. रामानुजन प्रत्येक सूत्र स्वतः पडताळून पाहू लागले आणि त्यांपलीकडे जाऊ लागले. गणितात बुडालेल्या या मुलाने इतर विषयांकडे पाठ फिरवली. कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयातील शिष्यवृत्ती त्यामुळे गेली. 1906 मध्ये ते मद्रासच्या पचय्यप्पा महाविद्यालयात दाखल झाले, मात्र तेथेही परीक्षेत यश मिळाले नाही.

आमांश आणि शस्त्रक्रिया

मद्रासमधील याच मुक्कामात रामानुजन यांना आमांश झाला आणि शिक्षण अर्धवट टाकून त्यांना कुंभकोणमला परतावे लागले. चरित्रग्रंथांत ही घटना एखाद्या ओळीत उरकली जाते. तिचे महत्त्व कळण्यास पुढे बराच काळ जावा लागला. इंग्लंडला जाण्यापूर्वी त्यांना दोन वेळा आमांशाने गाठले होते.

1909 च्या जुलैमध्ये त्यांचा दहा वर्षांच्या जानकी यांच्याशी विवाह झाला. त्यानंतर लवकरच त्यांना अंडवृद्धीचा त्रास सुरू झाला. शस्त्रक्रियेसाठी घरात पैसे नव्हते. अखेर 1910 च्या जानेवारीत एका डॉक्टरांनी विनामूल्य शस्त्रक्रिया केली. याच सुमारास मद्रासमध्ये पुन्हा आजारी पडल्यावर, गावाकडच्या गाडीत बसण्यापूर्वी रामानुजन यांनी आपल्या वह्या मित्राच्या स्वाधीन केल्या. आपले बरेवाईट झाल्यास त्या एखाद्या प्राध्यापकाकडे पोहोचवाव्यात, असे त्यांनी सांगून ठेवले. विशीच्या उंबरठ्यावरच त्यांना प्रकृतीचा भरवसा वाटत नव्हता.

यानंतरचा प्रवास सर्वपरिचित आहे. 1912 मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये दरमहा 30 रुपयांची कारकुनी मिळाली. 16 जानेवारी 1913 रोजी त्यांनी केंब्रिजचे गणितज्ञ जी. एच. हार्डी यांना पत्र लिहिले. हार्डी यांनी त्या पत्रातील प्रमेये पाहून त्यांची योग्यता ओळखली. मद्रास विद्यापीठाने दरमहा 75 रुपयांची शिष्यवृत्ती दिली आणि 17 मार्च 1914 रोजी रामानुजन ‘नेवासा’ जहाजाने इंग्लंडला निघाले. क्षयरोगतज्ज्ञ डॉ. चौरी मुत्थू हेही त्याच जहाजावर होते. साडेतीन वर्षांनी या सहप्रवाशाच्याच आरोग्यधामात रुग्ण म्हणून दाखल होण्याची वेळ रामानुजन यांच्यावर येणार होती.

युद्धकाळातील केंब्रिज

रामानुजन केंब्रिजला पोहोचल्यावर चार महिन्यांतच पहिले महायुद्ध सुरू झाले. अनेक प्राध्यापक आणि विद्यार्थी युद्धकार्यासाठी निघून गेले. कट्टर शाकाहारी असलेले रामानुजन स्वतः स्वयंपाक करीत. युद्धकाळात भाजीपाला, फळे मिळणे दुरापास्त झाले. कडाक्याची थंडी, सूर्यप्रकाशाचा अभाव, वेळी-अवेळी जेवण आणि तासन् तास चालणारे काम यांनी प्रकृती पोखरली गेली. मात्र याच वर्षांत हार्डी यांच्यासह त्यांनी संख्यांच्या विभाजनावरील गाजलेले संशोधन केले. 1916 मध्ये संशोधनाच्या आधारे त्यांना केंब्रिजची पदवीही मिळाली.

1917 च्या वसंतात ते गंभीर आजारी पडले. त्यानंतर इंग्लंडमधील उर्वरित काळ त्यांनी मुख्यतः रुग्णालयांत आणि आरोग्यधामांतच काढला. आधी केंब्रिजमधील शुश्रूषागृह, मग सॉमरसेटमधील मेंडिप टेकड्यांवरील डॉ. मुत्थू यांचे आरोग्यधाम, त्यानंतर डर्बीशायरमधील मॅटलॉक, लंडनमधील फिट्झरॉय हाऊस आणि अखेरीस पुटनी, असा हा प्रवास होता. ताप, पोटातील वेदना आणि घटते वजन यांनी त्यांची पाठ सोडली नाही.

क्षयावर तेव्हा औषध नव्हते. रॉबर्ट कॉख यांनी 1882 मध्ये क्षयाचा जंतू शोधला होता, तरी उपचार म्हणजे विश्रांती, भरपूर आहार आणि मोकळी हवा एवढेच. ऐन हिवाळ्यातही खिडक्या उघड्या ठेवल्या जात. मद्रासच्या उष्णतेत वाढलेल्या माणसासाठी हा उपचार म्हणजे यातनाच होत्या. मॅटलॉकमध्ये ऊबदार जागा म्हणजे केवळ स्नानगृह, म्हणून रोज तासभर कागद-पेन्सिल घेऊन तेथेच गणित करण्याचा बेत त्यांनी हार्डी यांना पत्रातून कळवला होता.

सन्मान मात्र याच काळात चालून आले. 1918 च्या मे महिन्यात रॉयल सोसायटीने त्यांना फेलो म्हणून निवडले आणि ऑक्टोबरमध्ये ते ट्रिनिटी कॉलेजचे फेलो झाले. त्याच वर्षाच्या सुरुवातीला, आजार आणि एकाकीपणाने खचलेल्या रामानुजन यांनी लंडनमध्ये आयुष्य संपवण्याचा प्रयत्न केला होता आणि ते बचावले होते. कीर्ती आणि व्याधी हातात हात घालून चालत होत्या. पुटनीच्या शुश्रूषागृहात भेटीस आलेल्या हार्डी यांनी टॅक्सीचा 1729 हा क्रमांक नीरस असल्याचे म्हटले. त्यावर, दोन घनांच्या बेरजेच्या रूपात दोन प्रकारे मांडता येणारी ती सर्वांत लहान संख्या आहे, हे रामानुजन यांनी तत्काळ दाखवून दिले. 1 आणि 12 यांच्या घनांची बेरीज तीच, 9 आणि 10 यांच्या घनांचीही तीच. शरीर झिजले होते, पण बुद्धी तल्लख होती.

बदलत गेलेली निदाने

रामानुजन यांच्या आजाराविषयी डॉक्टरांचे एकमत कधीच नव्हते. प्रथम जठरव्रणाचा संशय घेतला गेला; तो मागे पडल्यावर क्षयरोग हे तात्पुरते निदान स्वीकारले गेले. लंडनचे तज्ज्ञ डॉ. बॅटी शॉ यांनी चौकशी करून एक महत्त्वाची गोष्ट शोधली. इंग्लंडला येण्यापूर्वी रामानुजन यांच्यावर शस्त्रक्रिया झाली होती आणि अन्य डॉक्टरांना त्याची माहितीच नव्हती. ती गाठ कर्करोगाची असावी आणि रोग आता शरीरात पसरला असावा, अशी भीती त्यांना वाटली. मात्र सहा महिन्यांनंतरही प्रकृती अधिक ढासळली नाही, तेव्हा त्यांनी तो तर्क सोडून दिला. हार्डी यांनी 1918 च्या नोव्हेंबरमध्ये मद्रास विद्यापीठाला पाठवलेल्या पत्रात ही हकीकत नमूद केली आहे.

या प्रसंगात दोन गोष्टी दिसतात. रुग्णाचा पूर्वेतिहास त्याच्याबरोबर एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे जात नव्हता. दुसरे म्हणजे, काळ हीच निदानाची कसोटी असते. एखादा आजार असेल तर अमुक कालावधीत अमुक घडले पाहिजे आणि ते घडले नाही तर निदान बदलले पाहिजे. डॉ. शॉ यांनी कर्करोगाच्या तर्काला ही कसोटी लावली. क्षयाच्या निदानाला मात्र ती तितक्या कठोरपणे लावली गेली नाही. दुसरे काही ठरत नव्हते, म्हणून ते निदान कायम राहिले.

1919 च्या सुरुवातीला प्रकृती थोडी सुधारल्याने रामानुजन मायदेशी निघाले. मार्चमध्ये मुंबई बंदरात आई आणि धाकटा भाऊ त्यांना घ्यायला आले होते. समोर आला तो निस्तेज, खंगलेला मुलगा. मद्रास विद्यापीठाने त्यांना पाच वर्षांसाठी दरसाल 250 पौंड मंजूर केले होते. पैशाची चिंता आयुष्यात प्रथमच मिटली होती. मद्रासहून उन्हाळ्यासाठी कावेरीकाठच्या कोडुमुडीत आणि सप्टेंबरमध्ये कुंभकोणमच्या घरी त्यांना नेण्यात आले. मद्रासचे नामवंत डॉक्टर पी. एस. चंद्रशेखर अय्यर यांनी त्यांच्यावर उपचार केले. त्यांचेही निदान क्षय हेच होते.

1920 च्या जानेवारीत त्यांना पुन्हा मद्रासला हलवण्यात आले. त्याच महिन्यात हार्डी यांना लिहिलेल्या अखेरच्या पत्रात त्यांनी ‘मॉक थीटा’ या नव्या फलांचा शोध कळवला. वेदना असह्य झाल्यावर जानकी शेक देत आणि उसंत मिळाली की रामानुजन पुन्हा कागद मागत. मृत्यूच्या काही दिवस आधीपर्यंत हे लेखन सुरू होते. समुद्रपर्यटनानंतरचे प्रायश्चित्त झाले नव्हते, म्हणून अनेक सनातनी नातलग अंत्यविधीपासून दूर राहिले. जानकी तेव्हा 21 वर्षांच्या होत्या.

नव्या निदानाचा तर्क

केंब्रिज परंपरेतील गणितज्ञ रॉबर्ट रँकिन यांनी 1984 मध्ये रामानुजन यांच्या आजारपणाविषयीची पत्रे आणि नोंदी एकत्र करून भारतीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केल्या. दहा वर्षांनी डी. ए. बी. यंग यांनी उपलब्ध पुराव्यांची वैद्यकीय छाननी केली. ज्या वर्षी त्यांचा निबंध आला, त्याच वर्षी जानकी अम्मल यांचे चेन्नईत निधन झाले.

यंग यांचा तर्क लक्षणांच्या क्रमावर आधारलेला आहे. अमीबाजन्य आमांशावर पुरता उपचार झाला नाही, तर त्याचे जंतू आतड्यात वर्षानुवर्षे दबा धरून राहू शकतात. पुढे ते रक्तावाटे यकृतात पोहोचतात आणि तेथे सूज किंवा गळू निर्माण करतात. ताप येतो-जातो, उजव्या बरगडीखाली दुखते, वजन घटते; त्या वेळी आमांशाची लक्षणे अनेकदा नसतातही. त्यामुळे जुना आमांश कोणी मुद्दाम विचारला नाही, तर दुवा जुळत नाही. तरुण आणि मध्यमवयीन पुरुषांमध्ये यकृताचे असे गळू स्त्रियांपेक्षा कितीतरी अधिक आढळते. आमांशाचा इतिहास, मद्रासमधील वास्तव्य, अधूनमधून उलटणारा ताप आणि यकृताकडे निर्देश करणारी लक्षणे एकत्र ठेवल्यास, यंग यांच्या मते, क्षयापेक्षा हेच निदान अधिक जुळते.

या तर्काला कलकत्त्यातील संशोधनाची पार्श्वभूमी आहे. तेथील मेडिकल कॉलेजमध्ये कार्यरत असलेल्या लिओनार्ड रॉजर्स यांनी 1912 मध्ये, म्हणजे रामानुजन इंग्लंडला जाण्याच्या दोन वर्षे आधी, एमेटीन या औषधाची इंजेक्शने अमीबाजन्य आमांशावर आणि यकृताच्या दाहावर गुणकारी ठरतात, हे दाखवून दिले होते. इपिकॅक या वनस्पतीच्या मुळापासून ते मिळवले जाई. औषध तीव्र होते आणि हृदयावर त्याचे दुष्परिणाम होत, मात्र ते प्राण वाचवत होते. महायुद्धात पूर्वेकडील आघाड्यांवरून आमांश घेऊन परतलेले ब्रिटिश सैनिक त्याच काळात इंग्लंडमध्ये उपचार घेऊन बरे होत होते. रॉजर्स 1916 मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले, रामानुजन 1918 मध्ये. एकाच संस्थेच्या यादीत औषध शोधणारा आणि कदाचित त्या औषधाची गरज असणारा, दोघांचीही नावे दोन वर्षांच्या अंतराने लागली.

यंग यांचे निदानही अखेर संभाव्यतेचेच विधान आहे. शतकापूर्वीच्या रुग्णाची रक्ततपासणी किंवा सोनोग्राफी आता होऊ शकत नाही. क्षयरोग फुप्फुसाबाहेर, आतड्यात किंवा इतर अवयवांतही होतो आणि तेव्हा खोकला असेलच असे नाही. भारतात आणि इंग्लंडमध्ये रामानुजन यांना प्रत्यक्ष तपासलेल्या डॉक्टरांचा कौल क्षयाकडे होता, हेही दुर्लक्षिता येत नाही. मात्र ज्या शक्यतेवर उपचार होता, ती शक्यता तपासून बाजूला सारली गेल्याची स्पष्ट नोंद दिसत नाही. खरी चूक तेथे झाली.

अंदाजाकडून पुराव्याकडे

ज्या काळात रामानुजन उघड्या खिडक्यांच्या खोलीत कुडकुडत होते, त्याच काळात ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल हा तरुण इंग्रज वैमानिक युद्धावरून क्षय घेऊन परतला होता. तो दीर्घकाळ अंथरुणाला खिळून राहिला, वैद्यकीय शिक्षणाचे स्वप्न सोडले आणि संख्याशास्त्राकडे वळला. 1948 मध्ये हिल यांनी आखलेल्या ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. क्षयाच्या 107 रुग्णांपैकी कोणाला स्ट्रेप्टोमायसिन द्यायचे आणि कोणाला केवळ विश्रांती, हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता यादृच्छिक संख्यांनी ठरवले गेले. सहा महिन्यांत औषध घेणाऱ्या 55 पैकी 4, तर केवळ विश्रांतीवर असलेल्या 52 पैकी 14 रुग्ण दगावले. औषध प्रभावी आहे की नाही, याचे उत्तर प्रतिष्ठेऐवजी आकड्यांनी दिले.

त्यानंतरचे पाऊल थेट मद्रासमध्ये पडले. 1956 मध्ये केंद्र सरकार, मद्रास राज्य, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटिश परिषद यांच्या सहकार्याने तेथे क्षयरोग उपचार संशोधन केंद्र सुरू झाले. देशात क्षयाचे रुग्ण लाखोंच्या संख्येने होते आणि आरोग्यधामांतील खाटा अगदीच तोकड्या. वॉलेस फॉक्स यांच्या नेतृत्वाखालील पथकाने 193 रुग्णांची यादृच्छिक विभागणी केली. काहींना आरोग्यधामात, तर काहींना त्यांच्या गरीब, दाटीवाटीच्या घरांत एक वर्ष तीच औषधे देण्यात आली. 1959 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी जगाला चकित केले. आरोग्यधामात आहार, विश्रांती आणि शुश्रूषा अधिक चांगली असूनही, घरी औषध घेणाऱ्यांच्या यशात फारसा फरक नव्हता. घरातील इतरांना संसर्गाचा धोकाही त्यामुळे वाढला नव्हता. जीव वाचवत होती ती नियमित औषधे. डोंगरावरची हवा नव्हे. आरोग्यधामांचे युग या एका अभ्यासाने संपुष्टात येऊ लागले.

हे केंद्र आज राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था म्हणून ओळखले जाते आणि ते चेन्नईच्या चेतपेट भागातच आहे. रामानुजन यांनी अखेरचे दिवस काढले तो हाच परिसर.

अमीबाजन्य यकृतविकाराचे चित्रही पालटले आहे. सोनोग्राफी आणि रक्तचाचण्यांमुळे गळू लवकर ओळखू येते आणि मेट्रोनिडाझोल या सहज उपलब्ध औषधाने बहुतांश रुग्ण बरे होतात. मात्र यंत्रे कितीही अचूक झाली, तरी पूर्वी कोणते आजार झाले, कोठे राहणे झाले, कोणती शस्त्रक्रिया झाली, हे प्रश्न आजही डॉक्टरांनाच विचारावे लागतात. मुंबईत किंवा पुण्यात दुसऱ्या प्रांतातून कामासाठी आलेला रुग्ण जुने कागद हरवून बसलेला असतो, तेव्हा त्याच्या आजाराचा निम्मा पुरावा गावीच राहिलेला असतो.

रामानुजन यांच्या अखेरच्या वर्षातील कागद ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रंथालयात पडून होते. 1976 मध्ये अमेरिकी गणितज्ञ जॉर्ज अँड्र्यूज यांच्या हाती ते लागले आणि ‘हरवलेली वही’ म्हणून प्रसिद्धी पावले. त्यांतील मॉक थीटा फलांचे रहस्य उलगडण्यास 2002 साल उजाडावे लागले. कुंभकोणममधील त्यांचे घर 2003 पासून स्मारक म्हणून जतन केले आहे आणि 22 डिसेंबर हा दिवस देशभर राष्ट्रीय गणित दिन म्हणून साजरा होतो. ही सगळी निर्मिती तापाने फणफणलेल्या एका रुग्णाची आहे. त्याला आणखी तीस-चाळीस वर्षे लाभली असती तर गणिताला काय मिळाले असते, याचे मोजमाप करता येत नाही. मात्र कलकत्त्यात सिद्ध झालेले औषध कुंभकोणमच्या माणसापर्यंत केंब्रिजमध्येही पोहोचले नाही, ही शक्यता वैद्यकशास्त्राला कायम सावध ठेवणारी आहे.